जुन्या वस्तूंचा बाजार : काटा कोणाचा, शिक्का कोणाचा?

घरातील माळा हा मराठी मध्यमवर्गाचा न लिहिलेला जमाखर्च असतो. कोणत्या वर्षी घरात थोडी सुबत्ता आली, मुलगा परगावी शिकायला केव्हा गेला, आजोबांची आरामखुर्ची कधी अडगळीत गेली, या साऱ्याची नोंद तेथे धूळ खात पडलेली असते. दिवाळीच्या आधी ही नोंद खाली उतरते आणि या वस्तूंचे करायचे काय, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. एके काळी त्याची उत्तरे ठरलेली होती. चांगली वस्तू नात्यातल्या गरजू घरी जाई. कपडे बोहारणीच्या पाटीत पडत आणि त्याबदल्यात स्टीलचे पातेले घरात येई. तासभर घासाघीस करूनही दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटे. पाठ्यपुस्तके अप्पा बळवंत चौकाची वाट धरीत. आणि ज्याला कोठेच जागा नाही असे सारे बुधवारी वा रविवारी मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात पोहोचत असे.

आज मार्केट यार्ड, मुकुंदनगर, महर्षिनगर, बिबवेवाडी या पट्ट्यातील कोणत्याही गृहसंस्थेत जाऊन पाहावे. माळ्यावरून उतरलेल्या कपाटाचे प्रथम छायाचित्र काढले जाते. मग घरातील तरुण ते भ्रमणध्वनीवरून कोणत्या तरी संकेतस्थळावर चढवतो आणि घरातील ज्येष्ठ मंडळी ‘कोणाचा फोन आला का?’ असे विचारू लागतात. यात वाईट काही नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. वापरलेली वस्तू फेकून न देता दुसऱ्याच्या उपयोगी पाडणे हा आपल्याकडील जुना संस्कार आहे. अपरिग्रहाचा विचार सांगणाऱ्या समाजाला ‘पुनर्वापर’ हा शब्द पश्चिमेकडून शिकण्याची गरज नव्हती. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि स्व या दोहोंचा समावेश आहे, आणि जुन्या वस्तूंचा व्यवहार हा दोन्हींना स्पर्श करणारा विषय आहे. म्हणूनच तो केवळ तरुणांच्या हाती सोपवून आपण मोकळे होऊ नये.

या बाजाराचा भारतातील इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १९९५ साली पियरे ओमिड्यार यांनी पुढे ‘ईबे’ म्हणून ओळखले गेलेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी क्रेग न्यूमार्क यांच्या ‘क्रेगलिस्ट’चाही आरंभ झाला. तेथे गेलेल्या आपल्या मराठी मुलामुलींनी पहिला पलंग, पहिले टेबल याच मार्गाने घेतले. भारतात २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ उभे राहिले आणि २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस या संकेतस्थळावर एका अश्लील चित्रफितीची विक्रीसाठी नोंद झाली आणि कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. प्रश्न असा होता की बाजारात कोणी निषिद्ध माल मांडला तर बाजाराचा मालक दोषी की माल मांडणारा? खटला अनेक वर्षे चालला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजाज यांच्याविरुद्धची कारवाई रद्दबातल ठरवली. दरम्यान माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ७९ अन्वये मध्यस्थाला संरक्षण मिळाले. म्हणजे ज्याने केवळ जागा दिली आणि योग्य ती दक्षता घेतली, त्याला दुसऱ्याच्या कृत्यासाठी जबाबदार धरू नये.

तत्त्व म्हणून हे गैर नाही. परंतु पुढे सारा बाजार याच एका वाक्याच्या आश्रयाने वाढला. २००८ मध्ये ‘क्विकर’ आले. त्याआधी २००६ मध्ये परदेशात स्थापन झालेले ‘ओएलएक्स’ भारतात पसरले आणि ‘विकून टाका’ असा धोशा लावणाऱ्या दोघांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकू लागल्या. २०१६ मध्ये फेसबुकने आपले ‘मार्केटप्लेस’ उघडले आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आणले. ईबेचा भारतातील व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. ओएलएक्सचा भारतातील व्यवसाय २०२३ मध्ये मुंबईच्या कारट्रेड टेक या कंपनीने विकत घेतला, ही स्वदेशीच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी बाब. परंतु मालक स्वदेशी झाला म्हणून बाजाराची रीत आपोआप सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

यातील कोणता बाजार बरा, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘बाजार’ कशाला म्हणावे हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. गुलटेकडीचे श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड आपल्या शेजारीच आहे.

पहाटे तेथे शिरूर, पुरंदर वा जुन्नरहून आलेला शेतकरी माल उतरवतो. खरेदीदार त्याच्या ओळखीचा नसतो, आणि ओळख असण्याची आवश्यकताही नसते. आडत्याकडे बाजार समितीचा परवाना असतो. तो परवाना रद्द होऊ शकतो, ही भीती त्याच्या मनात असते. वजन करणारा तोलणार वेगळा, माल उचलणारा हमाल वेगळा, आणि दोघांचीही नोंद असते. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. तो काटा नवा की जुना, कोणाकडून घेतला, याच्याशी शेतकऱ्याला कर्तव्य नसते, कारण विश्वास काट्याच्या मालकावर नसून शिक्क्यावर असतो. शेवटी हिशोबपट्टी हातात पडते आणि तंटा झालाच तर तो ऐकणारी समिती त्याच आवारात बसलेली असते. १९६३ च्या पणन कायद्याने हे सारे घडवले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी ‘हत्ता’ पद्धत होती, ती निषिद्ध ठरवून उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तोही याचसाठी, की भाव ठरतो कसा हे माल आणणाऱ्यालाही दिसावे.

बाजार समित्यांचे कारभार धुतल्या तांदळासारखे आहेत, असे येथे मुळीच म्हणायचे नाही. मार्केट यार्डावर किती वर्षे प्रशासक बसले होते आणि २०२३ मध्ये निवडणूक होईपर्यंत शेतकऱ्याला आपला प्रतिनिधी कसा नव्हता, हे पुणेकर जाणतात. आडत शेतकऱ्याकडून घ्यायची की खरेदीदाराकडून, हा वाद २०१६ मध्ये सरकारने खरेदीदाराच्या पारड्यात ओझे टाकून सोडवला, तोवर कित्येक पिढ्या शेतकरीच ती भरत आला होता. मात्र दोष दाखवायचा तर दाखवायचा कोणाला, हे तेथे ठाऊक असते. मोर्चा कोणत्या दारावर न्यायचा, हे ठाऊक असते. आणि हमालांच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि १९६९ चा माथाडी कायदा यांमुळे पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला हक्काची मजुरी आणि निर्वाहनिधी मिळाला. बाबांची विचारसरणी आणि आमची विचारसरणी यांत दोन ध्रुवांचे अंतर. परंतु श्रमिकाला बाजाराच्या नियमांत स्थान मिळाले पाहिजे हा आग्रह दत्तोपंत ठेंगडींच्या मजदूर संघाचाही होताच.

आता हे माप घेऊन संगणकीय बाजाराकडे पाहू.

तेथे आवार आहे, वेशीवर कोणी नाही. विक्रेता कोण याची खातरजमा नाममात्र. माल तपासणारा कोणी नाही, काटा नाही, शिक्का नाही, पट्टी नाही. तंटा झाला तर मालकाने ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणायचे. मग मालकाला उत्पन्न मिळते कशातून? घरगुती वस्तूंची साधी जाहिरात बहुधा फुकट असते. पैसे मिळतात ते जाहिरात वर दिसावी म्हणून दिलेल्या शुल्कातून, इतर व्यावसायिकांच्या जाहिरातींतून आणि तुमच्या-आमच्या माहितीतून. सौदा नीट पार पडला की नाही यावर त्याचे उत्पन्न अवलंबून नाही. आडत्याचे तसे नसते. सौदा मोडला तर त्याची आडत बुडते.

अर्थशास्त्रात या दुखण्याचे निदान फार पूर्वी झाले आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला; पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून प्रामाणिक विक्रेता बाजारातून उठून जातो आणि मागे रद्दी माल तेवढा उरतो. गंमत अशी की अ‍ॅकरलॉफ हे १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले होते आणि त्या निबंधात त्यांनी भारतीय गृहिणीचेही उदाहरण दिले आहे. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते तिला निवडावे लागतात! आमच्या आयांनी ताटात तांदूळ घेऊन दुपारी जे काम केले, त्यावर अमेरिकेत सिद्धान्त उभा राहिला. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आज तांदळाची प्रत नमुना हातात घेऊन पाहता येते; जुन्या भ्रमणध्वनीची प्रत मात्र छायाचित्रावरून पाहता येत नाही.

आणि खड्यांपेक्षा भयंकर प्रकार दुसराच आहे.

समजा, मुकुंदनगरातील एखाद्या निवृत्त शिक्षकांनी आपले शिवणयंत्र विकायला ठेवले. तासाभरात फोन येतो. बोलणारा नम्र, हिंदीभाषक, स्वतःला लष्करातील जवान म्हणवणारा. आपली बदली नुकतीच पुण्याच्या छावणीत झाली आहे, कुटुंब मागाहून येणार आहे, घर लावायचे आहे, असे तो सांगतो. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्रही पाठवतो. घासाघीस करत नाही. मास्तरांना आनंद होतो, कारण वस्तू विकली जाते आहे आणि तीही सैनिकाच्या घरी. मग तो म्हणतो की लष्करी नियमामुळे पैसे एका विशिष्ट पद्धतीने पाठवावे लागतील. आधी विश्वास बसावा म्हणून एक-दोन रुपये खरोखर पाठवतो. नंतर ठिपक्यांचा चौकोन पाठवून तो ‘स्कॅन’ करा, आपला गुप्त क्रमांक टाका, रक्कम जमा होईल, असे सांगतो. क्रमांक टाकताच रक्कम जमा होण्याऐवजी खात्यातून जाते. ‘चूक झाली, परत करतो’ म्हणून तो आणखी एक चौकोन पाठवतो. मास्तर तोही स्कॅन करतात.

हा प्रकार २०१८-१९ पासून देशभर शेकड्यांनी घडला. राजस्थान-हरियाणा सीमेवरील भरतपूर, मेवात भागातील टोळ्यांची नावे अनेक राज्यांच्या पोलीस तपासात पुढे आली. पुण्यात तो विशेष फावतो, कारण येथे दक्षिण मुख्यालय आहे, छावण्या आहेत, खडकवासल्याची प्रबोधिनी आहे. खरे जवान आणि अधिकारी खरोखरच बदलून येतात आणि खरोखरच जुने सामान घेतात. या चोरांनी नेमके हेरले ते आपल्या मनातील सैन्याविषयीच्या आदराला. ज्या घरात सैनिकाला पाहून माणसे उभी राहतात, ती घरे त्यांनी निवडली. पैसे गेल्याचे दुःख पुसता येईल. पण पुढच्या वेळी खराच जवान दारी आला आणि त्या घराने दार लावून घेतले, तर ती हानी कोणत्या रकमेत मोजायची?

म्हणून प्रत्येक शाखेत, प्रत्येक भजनी मंडळात एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली पाहिजे : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही, तो केवळ देताना लागतो. यूपीआय ही २०१६ पासूनची खास भारतीय निर्मिती. तिची चूक येथे नाही. अज्ञात माणसाने ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवून फसवण्याची वाटही व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांपुरती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. चौकोन स्कॅन करण्याची वाट मात्र आपल्याच बोटाने बंद ठेवावी लागते. आणि फसवणूक झालीच तर लाजेने घरात बसू नये. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्याच तासात फिरवला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. ज्येष्ठ मंडळी नेमकी येथेच चुकतात. मुलगा रागावेल म्हणून दोन दिवस बोलत नाहीत.

विकणाऱ्याचे हे झाले. घेणाऱ्याची कथा याहून हलाखीची, आणि तिच्याविषयी कोणी लिहीत नाही.

जुना भ्रमणध्वनी घेतो कोण? बहुधा ज्याला नवा परवडत नाही तो. हमालाचा मुलगा, टेम्पोचालक, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी. त्याने घेतलेला फोन चोरीचा निघाला तर? वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधील कलम २७ चे तत्त्व असे की ज्याची मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणजे पैसे मोजूनही वस्तू आपली होत नाही. पोलीस ती नेतात आणि मूळ मालकाला देतात. शिवाय ‘चोरीचा आहे हे ठाऊक होते की नव्हते’ याची चौकशी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली सुरू होते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ही भीती गिऱ्हाईकाला ठाऊक असते, म्हणून तो सावध असतो. संकेतस्थळाच्या चकचकीत पडद्यावर ती दिसत नाही.

उपाय साधा आहे. फोनवर तारा-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की त्याचा पंधरा अंकी क्रमांक दिसतो. केवायएम ही अक्षरे आणि तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला की तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘संचार साथी’ सुरू केल्यापासून ही सोय सर्वसामान्यांच्या हाती आली. विकणाऱ्याला ही तपासणी जमत नसेल, तर तेथूनच उठावे.

ग्राहक म्हणून न्याय मागू, असे म्हणावे तर तेथे मोठे भगदाड आहे. १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा ग्राहक राजा असतो हे लोकांना सांगावे लागत होते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि नंतरचा २०१९ चा कायदा हे त्या चळवळीचे फळ. परंतु या कायद्याच्या कक्षेत ‘व्यापारी’ येतो. एकदाच आपला पंखा विकणारा गृहस्थ येत नाही. ई-व्यापाराविषयीचे २०२० चे नियमही, नियमितपणे धंदा न करणाऱ्या व्यक्तीच्या खासगी व्यवहाराला लागू नाहीत. हे योग्यही आहे. पंखा विकणाऱ्या आजोबांना ग्राहक आयोगात खेचणे कोणालाच नको. पण मग आजोबा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभा राहून दोघांच्या गरजेवर उत्पन्न मिळवणारा जो तिसरा आहे, त्याच्यावर बंधन काय? २०२१ च्या नियमांनुसार त्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच आणि निवारण ठरावीक मुदतीत करावे लागते. एवढाच धागा आज आपल्या हाती आहे. तो ओढून पाहणारे मात्र फार थोडे.

केवळ एका वस्तूच्या बाबतीत सरकारने बाजाराला शिस्त लावली आहे, ती म्हणजे वाहन. त्यालाही कारण घडले. गाडी विकली, चावी दिली, पैसे घेतले. पण प्रादेशिक परिवहन कार्यालयात नाव बदलले नाही. पुढे अपघात झाला. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात किती घरे या निर्णयाच्या छायेत वावरत असतील! नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलल्याखेरीज चावी देऊ नये, हे संकेतस्थळाने सांगायला हवे. सांगावे लागते ते वर्तमानपत्राला. पुढे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला अधिकृत परवाना घेणे आणि वाहन ताब्यात घेताच त्याची नोंद करणे बंधनकारक केले. म्हणजे मनात आणले तर करता येते.

वाचकांच्या प्रश्नाकडे आता वळतो. कोणता बाजार बरा?

मोठे आणि अवजड सामान, म्हणजे कपाट, पलंग, शिवणयंत्र यांसाठी ओएलएक्ससारखे स्थळ चालेल. पण गिऱ्हाईक समोर येऊन, वस्तू पाहून, समोरच पैसे देणार असेल तरच. पैसे आल्याची खात्री त्याने दाखवलेल्या चित्रावरून करू नये, आपल्या बँकेच्या खात्यात पाहून करावी. फेसबुकच्या बाजारात माणसाचा चेहरा आणि मित्रपरिवार दिसतो, म्हणून अनेकांना तो सुरक्षित वाटतो. खोटी खाती उघडणे किती सोपे आहे हे पाहता हा दिलासा फार पातळ आहे. क्विकरचा दबदबा आता ओसरला आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. भ्रमणध्वनीसाठी कॅशिफायसारख्या कंपन्या स्वतःच वस्तू विकत घेतात. त्या भाव कमी देतात, मात्र व्यवहाराची नोंद राहते आणि कोणा अनोळखी माणसाशी गाठ पडत नाही. फोन कोणालाही द्या, आधी त्यातील आपली सर्व खाती बंद करून तो मुळापासून पुसून काढावा. घरातील लेकीसुनांची छायाचित्रे त्यात असतात, याची आठवण भाव ठरवताना कोणाला राहत नाही.

आणि सर्वांत बरा बाजार गृहसंस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा. तेथे शुल्क नाही, जाहिरात नाही. आणि फसवणारा फसवून जाणार कोठे? तो उद्या उद्वाहनात भेटणारच. त्याची मर्यादा एवढीच की बाजार लहान. आपल्याला नको असलेला पाळणा नेमका याच इमारतीत कोणाला हवा असेल असे नाही.

प्रश्न उरतो तो या दोहोंमधल्या जागेचा. ओळखीचा विश्वास आणि मोठ्या बाजाराची पोच, हे दोन्ही एकत्र आणणे अशक्य नाही. जपानमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘मेरकारी’ या बाजारात खरेदीदाराचे पैसे कंपनी आपल्याकडे अडवून ठेवते आणि वस्तू ठीक मिळाल्याचे त्याने कळवल्यावरच विक्रेत्याला देते. फार लांब तरी कशाला जायचे? आपल्याकडे ईबे इंडियावर ‘पैसापे’ नावाची याच धर्तीची सोय होती. २०१८ मध्ये ते संकेतस्थळ गेले आणि त्याबरोबर ती सोयही. ज्या देशाने यूपीआय उभारले, त्याला पैसे दोन दिवस अडवून ठेवण्याची व्यवस्था उभारणे जड आहे असे कोणी म्हणणार नाही. जड आहे ती इच्छा. कारण ही व्यवस्था आली की मध्यस्थ ‘केवळ मध्यस्थ’ राहत नाही, त्याच्या हाती काटा येतो आणि काट्याबरोबर जबाबदारी. ग्राहक पंचायतीने ही एक मागणी केंद्रापुढे लावून धरली, तरी पन्नास वर्षांच्या कार्याला साजेसे होईल.

येथे एक अवांतर. पुनर्वापराला खीळ घालण्यात सरकारही कधीकधी मागे राहत नाही. २०२३-२४ पासून राज्यातील शालेय पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. परंतु पानांवर मुलाने लिहिले की पुस्तक धाकट्या भावंडाच्या उपयोगाचे राहिले नाही, मग दुसऱ्या घराच्या कोठून राहणार? २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला गेला हे बरे झाले. मुलाने पेन्सिलीने लिहावे आणि वर्षाच्या शेवटी खोडून पुस्तक पुढे द्यावे, ही शिकवण कोणत्याही संकेतस्थळाहून मोलाची होती.

तोवर आपण काय करायचे? प्रस्तुत लेखकाच्या मनात एक कल्पना आहे आणि ती मार्केट यार्डातूनच सुचलेली आहे. भुसार विभागात रिकाम्या बारदानाचाही बाजार चालतो. एकदा वापरलेले पोते झटकून, दुमडून, पुन्हा विकले जाते. फळांचे क्रेट वर्षानुवर्षे फिरत राहतात. वापरलेल्या वस्तूला प्रतिष्ठा देणारी ही जागा आहे. तिला मोठे आवार आहे, वेस आहे, टेम्पो येण्याजोगे रस्ते आहेत, आणि अवजड कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवण्याचे कसब असलेली नोंदणीकृत माणसेही आहेत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी गाळ्यांपुढची जागा रिकामी असते. महिन्यातून एकदा, अशा एका दिवशी, परिसरातील गृहसंस्थांनी आपापल्या नको असलेल्या वस्तू तेथे मांडाव्यात. जाहिरात हवी तर संकेतस्थळावर द्यावी, सौदा मात्र समोरासमोर व्हावा. टेबलापाशी ग्राहक पंचायतीचे दोन कार्यकर्ते बसावेत. फोनचा क्रमांक १४४२२ वर तपासावा, विक्रेत्याचे नाव-पत्ता वहीत घ्यावा आणि दोघांना सह्या केलेली पावती द्यावी. हमालीचा दर फळ्यावर लिहिलेला असावा. ज्याला जुनी सायकल हवी आहे त्या हमालाच्या मुलाला ती चालवून पाहता येईल, आणि मास्तरांना आपले शिवणयंत्र कोणाच्या घरी जाते आहे हे दिसेल.

अडचण आहे. बाजार समितीचे आवार कायद्याने शेतमालासाठी आहे. अन्य कामासाठी ते वापरायचे तर समितीचा ठराव लागेल आणि पणन विभागाला विचारावे लागेल. स्वच्छतेचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न महापालिका विचारीलच. नेहमीचे गाळेधारक कुरकुरतील. पहिल्या महिन्याला वीस घरे येतील, कदाचित तेवढीही नाहीत. परंतु ठराव मांडण्यासाठी समिती तेथे आहे, आणि तिच्यापुढे ठेवायचा अर्ज एका पानाहून मोठा होणार नाही.